सहा परस पाणी

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून माझ्या नावानं एक पार्सल आलं. आत दोन सीडी आणि एक जाडसर पुस्तिका. वर लिहिलेलं, 'पोहरा : निवडक आणि अप्रकाशित गाणी'. पाठवणारी ऋतुजा, मूळची नांदेडची, पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करते. नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडे तिला या तिघांची एक कॅसेट सापडली आणि पुढची दोन वर्षं ती उरलेली गाणी शोधत फिरली. पुस्तिकेत जुना फोटो आहे. मध्ये कुसुमताई, डावीकडे गिटार घेतलेला अन्वर, उजवीकडे पितळी घागर मांडीवर घेऊन गुंडप्पा अण्णा. अगदी कडेला अर्धा खांदा दिसतो, तो माझा.

त्यांच्या गाण्याला ऋतुजानं एक इंग्रजी नाव दिलंय, इंडी फोक-पॉप. अन्वरला फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ हसला. आम्ही त्याला नुसतं गाणं म्हणत होतो. ते भजनात बसत नव्हतं, सिनेमात बसत नव्हतं, लावणी तर नव्हतीच, म्हणून दुकानदाराला ती कॅसेट कुठल्या फळीवर ठेवावी कळायचं नाही. आता पोरं ती गाणी मोबाईलवर ऐकतात आणि खाली लिहितात, की ही माणसं इतकी वर्षं होती कुठं. लातुरात होती. आणि फार दिवस नव्हती.

संचातलं शेवटचं गाणं 'मोजणी'. ते कोरटवाडीच्या जत्रेत अन्वरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेलं आहे. शेवटच्या ओळीच्या मध्येच गिटार वाजत राहते आणि बाईचा आवाज थांबतो. ऋतुजानं मोजलंय, सात सेकंद. त्या सात सेकंदांत एक पुरुष हळूच एक शब्द बोलतो. पुस्तिकेत त्या जागी तिनं लिहिलंय, 'अस्पष्ट'. छापण्याआधी तिनं मला फोन करून विचारलं होतं. मी म्हणालो, कान म्हातारे झाले, मला काही लागत नाही.

ते खोटं होतं. मी त्या टेपरेकॉर्डरपासून दोन हातांवर उभा होतो. तो शब्द अण्णांचा आहे.

*

लातूर जिल्हा नवानवा झाला होता तेव्हाची गोष्ट. उस्मानाबादेतून फुटून आम्ही वेगळे झालो आणि गावोगावच्या विहिरींचं पाणी मोजणारं आमचं छोटंसं सरकारी ऑफिस एका भाड्याच्या घरात सुरू झालं. स्वयंपाकघरात कपाटं, माजघरात साहेब, आणि न्हाणीला लागून असलेल्या खोलीत मी, नकाशे उतरवून काढणारा ट्रेसर. छापील कागदांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. ते हातानं खोडून वर 'लातूर' लिहावं लागे. बाकीचे नुसती रेघ ओढायचे. गुंडप्पा बिराजदार नावाचा एक उंच, किडकिडीत माणूस मात्र पट्टी लावून रेघ मारायचा आणि वळणदार अक्षरात नवं नाव लिहायचा. मी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे बघत राहिलो तेव्हा मान वर न करता म्हणाले, "जिल्हा बदलला, जाधव. पाणी तेवढंच हाय."

ते विहिरी मोजायचे. निलंग्याच्या पलीकडचे, कर्नाटकाला लागून असलेल्या गावचे. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि शर्टाचा खिसा कायम खडूनं पांढरा. स्टीलच्या टेपला खडू फासून ती विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठपर्यंत ओला झाला ते बघायचं आणि वहीत आकडा मांडायचा, असं त्यांचं काम. वर्षातून चार वेळा, ठरलेल्या गावच्या ठरलेल्या विहिरी. पण टेप सोडण्याआधी ते चपला काढून काठावर बसत आणि एक खडा आत टाकत. मग तोंडातल्या तोंडात कानडीत मोजत, ओंदु, एरडु, मूरु. आईनं आकडे कानडीतच शिकवले होते म्हणत. खडा पाण्याला लागला की ते मला अंदाज सांगत आणि मग टेप सोडत. त्यांचा अंदाज वीतभर चुकलेला मी दोनदाच पाहिला.

आणखी एक सवय होती, तिची मला सुरुवातीला गंमत वाटायची. ज्या गावची विहीर मोजली त्या गावात ते पाणी प्यायचे नाहीत. लोक तांब्या पुढं करायचे, अण्णा हात जोडायचे आणि पिशवीतला फिरकीचा तांब्या काढून स्वतःचं पाणी प्यायचे. लोकांना वाटायचं सोवळं असेल. मी एकदा विचारलं. म्हणाले, "ज्याचं मोजलं त्याचं प्यायचं न्हाई. मोजल्यावर कळतं ना, कुणाच्या तोंडचं पिऊलालो ते."

त्यांचा जीव खरं तर त्या वहीसाठी तुटत होता. आकडे वहीतून तक्त्यात जात, तक्त्यातून वरच्या ऑफिसात, आणि तिथून ते कुठं जात कुणालाच माहीत नव्हतं. अहवाल येईपर्यंत आकडा गावाला सांगायचा नाही असा नियम होता. अहवाल यायला दीड वर्ष लागे. दरम्यान पाऊस सलग दगा देत होता. एका संध्याकाळी मी मार्चच्या नकाशाला रंग भरत होतो, अण्णा मागं उभे राहिले. आधीच्या वर्षी मे महिन्यात जिथं पाणी तळाला गेल्याचा लाल रंग होता तिथं मी मार्चमध्येच लाल भरत होतो. ते म्हणाले, "ही वही कुणी वाचत न्हाई, जाधव. गाणं केलं तर निदान कानावर तरी पडंल."

मला वाटलं, बोलण्याची रीत आहे.

*

जिल्हा झाल्याच्या आनंदात ते वर्षभर काही ना काही कार्यक्रम चालायचे. अशाच एका कार्यक्रमात कुसुम वाघमारे नावाच्या शिक्षिकेनं मुलींकडून स्वागतगीत म्हणून घेतलं. पेटीवाला आलाच नव्हता, म्हणून नांदेडच्या ऑर्केस्ट्रातल्या अन्वर नावाच्या पोरसवदा वादकानं गिटारवर साथ केली. कुसुमताई बिलोलीच्या. वडिलांची गायन पार्टी होती, चौदा एप्रिलला गावोगाव जायची, त्यात लहानपणापासून गायलेल्या. लातूरजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत नोकरीला होत्या. कार्यक्रम संपल्यावर अण्णा सरळ मंडपामागं गेले आणि त्यांना म्हणाले, "बाई, तुमचा आवाज ओळीच्या शेवटाला खाली उतरतो. वर जाणारे लई हायत."

कुसुमताई नंतर सांगायच्या, की हा माणूस स्तुती करतोय की नाव ठेवतोय हे त्यांना दोन दिवस कळलं नव्हतं.

लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागं अण्णांची एक खोली होती. रविवारी सकाळी तिथं तिघं बसायचे. अण्णा शब्द आणायचे आणि घागरीवर ताल धरायचे. घागरीत ओंजळ-दोन ओंजळ पाणी घालून ते तिचा आवाज लावत. अन्वर गिटारच्या तारा एकेक करून छेडत राही, ठिबकल्यासारख्या. आणि कुसुमताईंचा तो खाली उतरणारा आवाज. मी दारात बसायचो. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही; माझ्याकडे सायकल होती आणि वेळ होता. नाव अन्वरनं ठेवलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं अण्णा उठता-बसता म्हणायचे, त्यावरून 'पोहरा'.

"बाई पोहरा बुडंना, दोर पुरंना, आडाचं तोंड मोठं गं, पोटात काई उरंना." हे त्यांचं पहिलं गाणं. नांदेडला एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून त्यांनी ते आणि आणखी सात गाणी भरली. बाहेर भट्टीसारखं ऊन होतं, आत पंखा लावायचा नाही, आवाज येतो म्हणून. अण्णा एकेका गाण्याआधी सगळ्यांना घाम पुसायला लावायचे. मी आयुष्यात त्यांना एवढं आनंदात कधी पाहिलं नाही.

पण लोक ज्यासाठी त्यांना बोलवायचे ते गाणं 'मोजणी'. साधं होतं.

"हातोळीची हीर गं, पाच परस पाणी,
ढाकणवाडीची हीर गं, तीन परस पाणी,
कोण्या गावची तू गं, सांग तुझं पाणी."

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. शेवटी ज्या गावात कार्यक्रम असेल त्या गावचं नाव यायचं आणि आकडा. गावाचं नाव गाण्यात आलं की पोरं नाचायची, म्हातारे पटका सावरायचे. तो आकडा अण्णांनी मोजलेला असायचा, त्यांच्या वहीतला, खरा. त्यांनी नियम मोडला नव्हता. गावाला सांगितलं काहीच नव्हतं. फक्त गाण्यात घातलं होतं. ऐकून शहाण्या बायका घरी जाऊन हिशोबानं पाणी वापरायच्या. "सुपारीएवढं तरी काम झालं," अण्णा म्हणायचे.

*

मग लोकांच्या लक्षात यायला लागलं. हातोळीचं नाव गाण्यात आलं आणि उन्हाळ्यात हातोळीची विहीर आटली. ढाकणवाडीचं आलं, तिथंही तेच. अण्णा दुष्काळी गावंच मोजत होते, दुष्काळी गावांचीच नावं घेत होते. त्यात नवल काही नव्हतं. पण चावडीवर बसलेला माणूस उलटा विचार करतो. यांनी नाव घेतलं की पाणी जातं.

बेलसरीला आम्ही गेलो तेव्हा सगळं नेहमीसारखं होतं. मारुतीच्या पारावर सतरंजी अंथरलेली, कार्यक्रम निम्म्यावर आलेला. 'मोजणी' सुरू झालं तशी गर्दीतून एक म्हातारी उठली. काठी टेकत पारावर चढली आणि कुसुमताईंच्या तोंडावर तिनं आपला तळहात ठेवला. मारलं नाही, ढकललं नाही. लेकराला गप्प करतात तसा हात ठेवला आणि म्हणाली, "लेकी, आमच्या गावाचं नाव नको घेऊ."

कुणी हसलं नाही. अन्वरनं गिटार खाली ठेवली. परत येताना जीपमध्ये कुसुमताई पदरानं तोंड पुसत होत्या. अण्णा सगळा रस्ता बाहेर बघत होते. मधेच म्हणाले की तिथं दोन परस पाणी आहे, जूनपर्यंत पुरेल. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर आमंत्रणं थांबली. एका गावच्या सरपंचानं तर गाणी ठेवा पण बाई नको असा निरोप धाडला. गाणं अण्णांचं, आकडा अण्णांचा, पण बोट बाईकडे जात होतं. बाई कुठली, कुणाची लेक, हे लोक आता आवर्जून विचारत होते. पूर्वी कुणी विचारलं नव्हतं असं नाही, पण आता त्या विचारण्याला वेगळा वास होता.

आणि अशात कोरटवाडीच्या दादारावांचा माणूस बोलवायला आला.

दादाराव म्हणजे त्या गावची मोठी असामी. सगळा मुलुख करपलेला असताना त्यांचा ऊस हिरवागार उभा होता. बोलायला गोड, कधी आवाज चढवत नसत. त्यांचं म्हणणं होतं की असल्या भाकडकथांवर त्यांचा विश्वास नाही, आमच्या जत्रेत या आणि आमच्या गावाचं नाव खुशाल घ्या. अन्वरला आनंद झाला. अण्णा लगेच हो म्हणाले नाहीत. कोरटवाडीची विहीर त्यांच्या यादीत होती, पण त्या फेरीत मोजायची राहिली होती. जत्रेच्या दिवशी सकाळी ते मला घेऊन आधी तिथं गेले.

खडा टाकला. त्यांनी ओंदु म्हटलं, एरडु म्हटलं, आणि पुढं मोजतच राहिले. नेहमीसारखा अंदाज सांगितला नाही. टेप सोडली, वर ओढली, ओला खडू बघितला आणि परत सोडली. तीनदा. मग वही न उघडताच पिशवीत ठेवली. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर ऊस सुरू होत होता आणि त्यात तीन बोअर ठकठक चालत होते. अण्णा त्यांच्याकडे बघत उभे राहिले. किती आहे, मी विचारलं. "हाय तितकं हाय," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी कुसुमताईंना एवढंच सांगितलं, की आज 'मोजणी' घेऊ नका. का ते सांगितलं नाही.

जत्रा भरात होती. आजूबाजूच्या वीस गावांचे बैल, गाड्या, पाळणे. विहिरीच्या काठालाच मंडप होता. चार गाणी झाल्यावर लोक 'मोजणी' मागायला लागले. कुसुमताईंनी दुसरं गाणं धरलं, तर दादाराव स्वतः उठले, हात जोडून म्हणाले, "बाई, आमच्या हिरीचा तळ तीस वर्सांत कुणी बघितला न्हाई. घ्या नाव. लोकांच्या मनातली भीती जाऊ द्या." टाळ्या पडल्या. अन्वरनं तारा छेडल्या, टेपरेकॉर्डर चालूच होता. हातोळी झाली, ढाकणवाडी झाली, कोरटवाडीची हीर गं झालं, आणि त्या थांबल्या. त्यांच्याकडे आकडा नव्हता. त्यांनी अण्णांकडे बघितलं.

अण्णांचा हात घागरीवर होता. त्यांनी समोर बघितलं. समोर लेकरं नाव ऐकून उड्या मारत होती.

मग ते हळूच म्हणाले, "सहा."

आणि कुसुमताई गायल्या, सहा परस पाणी.

*

या गाण्यातला आकडा खरा असतो हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. घाबरणारे घाबरायचे, पण खोटं कुणी म्हणत नव्हतं. सहा परस आहे म्हटल्यावर कोरटवाडीनं हात आखडला नाही. जत्रेतल्या शेकडो बैलांना पाजलं, पाहुण्यांना आंघोळी घातल्या. विहिरीत अर्धा परस पाणी होतं. आठव्या दिवशी चिखल लागला.

मग बायका दोर धरून आत उतरायला लागल्या. झऱ्यापाशी बसून वाटीनं घागर भरायची. अशीच एक सून, लग्नाला वर्ष झालेली, शेवाळलेल्या पायरीवरून निसटली आणि खाली दगडावर पडली. तिसऱ्या दिवशी गेली.

आम्हाला ते एका फिरत्या पोस्टमननं सांगितलं. त्यानंच हेही सांगितलं, की गावात म्हणतात वाघमारे बाईनं पाणी गिळलं. दुसऱ्या आठवड्यात कुसुमताईंच्या शाळेच्या दाराला काळी बाहुली टांगलेली मिळाली. वर्गातली निम्मी पोरं यायची थांबली. त्यांच्या खोलीचं दार रोज सकाळी उघडताना उंबऱ्यावर काहीतरी असायचं. एकदा लिंबू, एकदा फुटकी घागर, एकदा नुसती, ओलं बोट ओढल्यासारखी रेघ. हेडमास्तरांनी त्यांना काही दिवस रजा घ्या म्हणून सुचवलं. कुणी अंगावर आलं नाही. मला वाटतं तेच जास्त वाईट होतं. माणसं रस्त्यातून बाजूला व्हायची, त्यांची सावली जाईपर्यंत थांबायची आणि मग चालायला लागायची.

अण्णा त्यांच्याकडे गेले तेव्हा मी बरोबर होतो. कुसुमताई दाराशी बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं, पाणी दिलं. त्या दिवशी अण्णांनी तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्याले. मग त्यांनी सांगितलं. अर्धा परस होतं, मला सकाळीच ठाऊक होतं, जत्रा होती, लेकरं नाचत होती, मन झालं नाही.

कुसुमताईंनी विचारलं, "आकडा आधी का न्हाई सांगितला अण्णा?"

"सांगितला असता तर तुम्ही गायल्या नसत्या."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "अर्धा सांगितला असता तर मी अर्धा गायले असते."

अण्णांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. उठताना त्यांनी मला विचारलं, कोरटवाडीचा नकाशा तयार आहे का.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो. भर दुपारी बारा वाजता. मारुतीच्या देवळापाशी त्यांनी लोकांना बोलावलं आणि विहिरीच्या काठावर उभे राहिले. माझ्या हातात नकाशा होता. अण्णांनी वही उघडलीच नाही. पाच वर्षांचे वीस आकडे त्यांनी तोंडपाठ सांगितले. पहिला बोअर पडला त्या वर्षी पाणी किती उतरलं, दुसरा पडला तेव्हा किती, तिसरा पडल्यावर किती. उसाकडे हात केला नाही. गरज नव्हती, बोअरचा आवाज येतच होता. मग म्हणाले, "बाईनं पाणी गिळलं न्हाई. सहा परस मी म्हटलो. अर्धा होतं. बाईला ठाऊक नव्हतं, मला होतं."

एक तरुण माणूस पुढं आला. डोक्याचे केस काढलेले. गेलेल्या मुलीचा नवरा. त्यानं विचारलं, "तुमाला ठाऊक होतं?"

"हाव," अण्णा म्हणाले.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं हा आता मारणार, आणि अण्णांनाही वाटत असावं, कारण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पण तो मागं वळला आणि घराकडे निघून गेला. अण्णा तसेच चष्म्याशिवाय उभे होते.

दादाराव सगळा वेळ लिंबाखाली बाजेवर बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी माणसाला चहा आणायला सांगितला. कपबशी स्वतः अण्णांच्या हातात दिली. "घ्या, अण्णा," ते म्हणाले. "जायला ऊन लई हाय. आणि रस्ता बी सामसूम हाय." फाट्यापर्यंत आम्ही पायी चाललो. मागं एक जीप सावकाश येत होती. पुढं गेली नाही, थांबली नाही. एसटी आली तेव्हा ती वळून परत गेली.

*

पुढचं सगळं शांतपणे झालं. ऑफिसची माहिती बाहेर फोडली म्हणून वरून पत्र आलं आणि अण्णा निलंबित झाले. साहेबांनी पत्र देताना त्यांच्याकडे बघितलं नाही. त्याच महिन्यात लातूरच्या कॅसेटवाल्यानं मला रस्त्यात थांबवून आनंदानं सांगितलं, की 'पोहरा'ची उरलेला सगळा माल एकाच गिऱ्हाईकानं नेला. त्यानं नांदेडहून आणखी मागवल्या, त्याही गेल्या. माणूस मोठा सभ्य, भाव करत नाही. मग एकदा आमच्या ऑफिसचा शिपाई कोरटवाडीकडून आला. त्यानं सांगितलं, कोरड्या विहिरीच्या भोवतीच्या बाभळींवर सगळीकडे कॅसेटच्या काळ्या फिती लोंबताहेत, वारा सुटला की सळसळतात. बायका त्या वाटेनं जात नाहीत.

दुसरी कॅसेट कधी निघाली नाही. अन्वर हैदराबादच्या ऑर्केस्ट्रात गेला. जाताना नांदेडची मूळ टेप आणि जत्रेची टेप बायकोच्या जुन्या ओढणीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवून गेला, म्हणून आज ही गाणी आहेत. कुसुमताईंनी बदली मागून घेतली आणि बिलोलीकडे गेल्या. अण्णांना वर्षभरानं परत घेतलं, पण उमरीला, आवक-जावकच्या टेबलावर. तिथं ते निवृत्त होईपर्यंत टपालावर शिक्के मारत होते. शाळेच्या दाराला काळी बाहुली कुणी परत टांगली नाही, एवढं मात्र खरं. आणि दादारावांनी चौथा बोअर घेतला.

पार्सल आल्यावर मी संच घेऊन नांदेडला कुसुमताईंकडे गेलो. मुलाकडे राहतात, गुडघे गेलेत, आवाज अजून तसाच. सगळं ऐकलं. 'मोजणी' आलं तेव्हा उठून जातील असं मला वाटलं होतं, पण बसून राहिल्या. ते सात सेकंद आले, त्यात तो शब्द आला. त्यांनी पुस्तिका मागितली, चष्मा लावून ते पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"अस्पष्ट कशाला लिहिलंय?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला तर ऐकू आलं होतं."

मी सीडी थांबवली.

"त्या पोरीला सांगा. अण्णांनी भर दुपारी गावासमोर सांगितलं. तुम्ही कशाला झाकता?"

म्हणून हे लिहिलं.

*

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. बीदरकडे बहिणीच्या गावी वारले, मला महिन्यानंतर कळलं. त्यांची माझी शेवटची भेट त्याआधी पाच-सहा वर्षं, निलंग्याच्या एसटी स्टँडवर झाली होती. ती भेट मी विसरलो होतो असं नाही, पण ज्या वर्षी लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षी ती रोज आठवायची.

मी एका लग्नाहून परतत होतो. ते बाकावर एकटे बसले होते, मांडीवर पिशवी, विभूती तशीच. एका कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून मला दुसऱ्या बाजूला बसायला सांगितलं. आम्ही चहा घेतला. मी घर बांधल्याचं सांगितलं. कुठं विचारलं, तर मी लातुरात नव्या वसाहतीत म्हणालो. बोअर किती फुटाला लागलं, त्यांनी विचारलं. दोनशे दहा, मी जरा अभिमानानंच सांगितलं. धो धो पाणी आहे.

ते तोंडातल्या तोंडात मोजायला लागले, ओंदु, एरडु.

मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, गाणी काही करता का आता. म्हणाले, एक केलंय, पण कुणाला ऐकवत नाही. त्यात लातूरचं नाव आलंय.

"आणि आकडा?" मी विचारलं.

"अजून घातला न्हाई."

त्यांची गाडी लागली. ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि पायरीवर पाय ठेवून परत वळले. पोरगी कितवीला आहे, त्यांनी विचारलं. सहावीला, मी म्हणालो.

"तिला बाहेर शिकव, जाधव," ते म्हणाले. "बाहेरच राहील असं बघ."

आत जाऊन ते खिडकीशी बसले, ऐकू न येणारा कान माझ्या बाजूला. मी हाक मारली, त्यांना कळलं नाही. गाडी बीदर रस्त्याला लागली.

मी घरी आलो तेव्हा ऊन कललं होतं. बायको पाईप घेऊन अंगणात पाणी मारत होती, मुलगी उड्या मारून तिच्या धारेखाली जात होती, दोघी हसत होत्या. शेजारच्या अंगणातही तेच चाललं होतं. बायकोनं विचारलं, लग्नात कोण कोण भेटलं. मी दोन-तीन नावं सांगितली आणि चपला काढून आत गेलो.